हौसाआत्याची कंबर

"मेले बाई मी या रस्त्यापायी," माझ्या कानाशी कुणीतरी पुटपुटलं. "रस्ता करणाऱ्याला या गाडीत बसवाया पायजे. आगं आई गं! पुन्यांदा भरली."

कुणीतरी म्हणजे हौसाआत्या, माझ्या होणाऱ्या नवऱ्याची सख्खी आत्या. ट्रॅक्सच्या मधल्या बाकावर आम्ही इतक्या चिकटून बसलो होतो की तिच्या कमरेत कळ आली की आधी माझ्या बरगडीला समजायचं. माझ्या अंगावर हळदीची पिवळी साडी, कपाळाला मुंडावळ्या, हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा. अशा वेषात बाईला फारसं बोलता येत नाही, म्हणून मी नुसती ऐकत होते.

मे महिना होता, साल शहाण्णव. आमच्या भागात तेव्हा लग्न नवऱ्याच्या दारात लागायचं. नवरीला आणायला त्यांच्याकडून गाडी आणि एखादी वडीलधारी बाई यायची. आई-बापू रुखवत घेऊन सकाळच्याच ट्रकनं पुढे गेले होते. भटजींनी सांगितलं होतं, नवरीनं तीनच्या आत उंबरा ओलांडायचा नाही. मुहूर्त गोरज, सहा पन्नासचा. मधे सोळा मैल.

गाडी चालवत होता दस्तगीर, तो त्यांच्या गावचा. त्याच्या शेजारी माझा तातोबामामा. माझ्या दुसऱ्या बाजूला मामी, मागे माझी मामेबहीण रंजी करवली म्हणून, आणि तिच्याबरोबर भावकीतल्या चार बायका.

"होळीला पोळ्या लाटाया बसले," आत्या सगळ्या गाडीला सांगत होती, "ती उठले ती वाकडीच. उसण भरली. दोन म्हैनं झालं. इटंनं शेकलं, बिब्बा झाला, मलम झालं. इस्तूनं चटकं दिऊन घेतलं, त्येबी झालं."

"मग अशा कमरेनं आलाच कशाला, आक्का?" मामानं मागे वळून विचारलं. "दुसरं कुणी धाडायचं."

"घरात सगळी तेच म्हनत हुती. म्या म्हटलं, न्हाई, नवरीला आनाया मीच जानार." आत्यानं पदरानं वारा घेतला. "उसणीला इलाज एकच. पायाळू मानसाची लाथ. आमच्या गावात एक शिवा वाणी हुता, त्येची लाथ बसली की झटक्यात काम. त्यो गेल्या साली गेला." मग अगदी सहज म्हणाली, "तुमच्या गावात न्हाई का कोन पायाळू?"

गाडीतली सगळी माणसं एकदम बाहेर बघायला लागली. बाहेर बाभळी होत्या. एक गेली की दुसरी, दुसरी गेली की तिसरी. मामानं तर मान एवढी बाहेर काढली की दस्तगीर म्हणाला, "मामा, काय पडलं का?"

शेवटी मामीला राहवलं नाही. "न्हाई बाई," ती म्हणाली. "आमच्याकडं सगळी डोक्यानंच जल्मल्याली."

मी चुड्यातल्या बांगड्या मोजायला घेतल्या. कारण सगळी डोक्यानं जन्मलेली खरी, पण एक सोडून. ती एक मी.

बाळ आधी पाय बाहेर काढून जन्माला आलं की ते पायाळू. त्याची लाथ बसली की कमरेची उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. आणि त्याच्यावर वीज पडते, असंही मानतात. त्यामुळे आभाळ निरभ्र असलं की पायाळू माणसाला लोक घरी येऊन बोलावतात, आणि आभाळ भरून आलं की त्यालाच घरी पोहोचवतात. मी पाच वर्षांची असल्यापासून आमच्या गावातल्या निम्म्या कमरा सरळ केल्यात. सरपंचांच्या कमरेत लाथ घालून वर खाऊला गूळ घेणारी गावात मी एकटीच. पण तेच सरपंच वळवाचा ढग दिसला की म्हणायचे, "शालन, जा बाई घरला. आन आमच्या बोळातनं नगं, तिकडनं जा."

मला वाईट वाटायचं, पण त्यातून एक झालं. विजेबद्दल जेवढं मला ठाऊक झालं तेवढं गावात कुणालाच नव्हतं. कुंभार गुरुजींनी मला तिसरीत असताना एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "वीज कुणाचा जन्म कसा झाला ते विचारत नाही. ती उंच काय ते बघते. झाड, खांब, आणि माळावर उभा राहिलेला शहाणा." सातवीनंतर माझी शाळा सुटली, पण किराणा येतच होता, आणि तो वर्तमानपत्रात बांधून यायचा. वीज, पूर, वादळ असं काही दिसलं की पुडी मोकळी करून मी तो कागद गादीखाली सरकवायची. लखलखाट आणि गडगडाट यांच्यात आकडे मोजायचे. तिसाच्या आत गडगडलं की उघड्यावर राहायचं नाही. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. घर नसेल तर पत्र्याच्या टपाची गाडी चालते, काचा लावून, लोखंडाला न शिवता. हे सगळं मला पाढ्यांसारखं पाठ होतं, आणि मला कुणी कधी म्हणायला लावलं नव्हतं.

आता लग्नाचं. याच्या आधी माझी दोन लग्नं ठरून मोडली होती. पहिल्यांनी काही कारण सांगितलं नाही. दुसऱ्यांनी तोंडावर सांगितलं, "आमचं घर माळावर, एकटं. वीज घरात आणून ठेवायची म्हणजे!" मला सव्विसावं लागलं होतं. म्हणून तिसरं स्थळ आलं तेव्हा आईनं सगळ्या भावकीला घरी बोलावून बेलभंडारा उचलून शपथ घ्यायला लावली. अक्षता पडेपर्यंत तो शब्द कुणी तोंडातून काढायचा नाही. अक्षता पडल्या की मग काय व्हायचं ते होवो.

आणि मला हे स्थळ मोडायला नको होतं. मुलगा बघायला आला तेव्हा पोह्यांतले शेंगदाणे बाजूला ठेवत होता, शेवटी खायला. मीही तसंच करते. तेवढं एक त्याचं मला माहीत होतं, पण ते पुरेसं वाटलं होतं.

चारच्या सुमारास डोंगराच्या बाजूनं आभाळ तव्याच्या बुडासारखं काळं झालं. आमच्या डोक्यावर ऊन होतं. लांब एक रेघ चमकली. मी मनात मोजलं. एक, दोन, तीन... सव्वीसला गडगडलं.

मामी माझ्यापासून एक बोट सरकली.

पुढची एकोणिसाला. मामी चार बोटं सरकली. मागच्या बाकांवर खुसफुस झाली आणि चारही बायका रंजीला घेऊन मागच्या दाराशी गोळा झाल्या. गाडी मागून जरा बसलीच.

"काय गं, काय झालं?" आत्यानं विचारलं.

"काय न्हाई," मागून आवाज आला. "हितं वारं लागतंय."

दोन गावांची शीव म्हणजे धोंडओढा. नाव ओढा, पण पाणी त्यात आम्ही श्रावणातसुद्धा क्वचितच बघितलेलं. गाड्या जायला खाली सिमेंटची फरशी घातलेली, तिला ना कठडा ना कमान. अलीकडच्या काठावर माळ, आणि माळावर एकच मोठी चिंच. नवरी शीव ओलांडते तिथं नारळ फोडायचा आणि नवरीनं ओढ्याची ओटी भरायची, ही आमची रीत. दस्तगीरनं फरशीच्या तोंडाशी गाडी उभी केली. सगळे उतरले. आत्या तेवढी कमरेमुळे बसून राहिली.

"आटपा," दस्तगीर म्हणाला. "तिकडं वरच्या अंगाला लई पडाया लागलाय."

मामानं दगडावर नारळ फोडला. मी फरशीच्या कडेला वाकून वाळूत खण ठेवला, वर ओंजळभर तांदूळ, त्यावर दुसरा नारळ, हळकुंड, सुपारी. हात जोडले.

आणि ओटी हलली.

मला वाटलं, वारा. पण वाऱ्यानं नारळ हलत नाही. बघितलं तर वाळूवरून काडीकचऱ्याची, वाळक्या शेणाची आणि फेसाची एक जीभ हळूहळू पुढे येत होती. पाणी असं नव्हतंच ते. आमच्याकडे अजून थेंब पडलेला नव्हता. त्या जिभेनं माझा खण उचलला आणि फरशीवर नेऊन ठेवला.

"मामा, वर या!" मी ओरडले. "दस्तगीरभाऊ, गाडी मागं घ्या! पाणी येतंय!"

"कुठलं पाणी?" मामा म्हणाला. त्याच्या पायाखालचं तोवर घोट्याला लागलं होतं. "हे व्हय? एवढ्याला भ्यायचं? मुहूर्त सहा पन्नासचा हाय. दस्तगीर, चालू कर, हाण. चला गं, बसा."

"दोन मिन्टांत पार हुतो की, वैनी," दस्तगीर म्हणाला. त्यानं गाडी सुरूही केली आणि पुढची चाकं फरशीवर घातली.

मी पळत जाऊन गाडीच्या पुढ्यात उभी राहिले. मुंडावळ्या एका कानावर, पदर कुठे, मी कुठे. "वर डोंगरात पडलंय ते सगळं हितनंच येणार," मी म्हणाले. "घोट्याचं गुडघ्याला यायला वेळ लागत नाही, आणि गुडघ्याएवढ्या पाण्यात माणसाचे पाय टिकत नाहीत. गाडी मागं घ्या. पार वर, चढावर."

"आरं, हिला काय ओढ्यातलं कळतंय व्हय!" मामा चिडला. "नवरीनं गप बसावं!"

तेव्हा आतून आत्याचा आवाज आला. कण्हत, पण ठणठणीत. "दस्तगीर, नवरी काय म्हनती त्ये ऐक. मागं घे."

गाडी कण्हत मागे चढावर गेली. आम्ही तिच्यामागून वर आलो आणि वळून बघेस्तोवर आवाज आला. आधी वाटलं लांबून ट्रक येतोय. मग ओढ्याच्या वळणावरून माणसाच्या उंचीचं लालभडक पाणी आडवं येऊन फरशीवर आदळलं. त्यात एक अख्खी बाभळ होती, मुळांसकट. फरशी दिसेनाशी झाली. माझा खण, नारळ, हळकुंड आणि मामाच्या डाव्या पायातली वहाण, एवढं ओढ्यानं नेलं.

मामा एका पायावर उभा होता. "च्यायला," तो म्हणाला. पण हळू. दस्तगीरनं गाडी आणखी दहा हात मागे नेऊन लावली.

थेंब सुरू झाले, बोराएवढे. लखलखलं. मी मोजलं: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. "सगळे गाडीत चला," मी म्हणाले आणि आत्याशेजारी जाऊन बसले.

कुणी आलं नाही.

मामा, मामी, रंजी आणि चारही बायका चिंचेकडे निघाल्या होत्या. दस्तगीर एकदा त्यांच्याकडे, एकदा आमच्याकडे बघत आपल्या जागेवर बसला.

"मामी!" मी काचेतून ओरडले. "झाडाखाली नका थांबू! आत या!"

"तू बस बाई निवांत," चिंचेखालून मामी ओरडली. "गाडीत लई उकडतंय!"

तोवर असा गार वारा सुटला होता की माझे दात वाजत होते.

"ही मानसं आत का येत न्हाईत?" आत्यानं विचारलं.

"उकडतंय म्हणे त्यांना."

"या गारठ्यात?"

"आमच्या गावची माणसं," मी म्हणाले, "जरा उष्ण प्रकृतीची आहेत."

आत्या "हं" म्हणाली आणि काचेबाहेर चिंचेकडे बघत राहिली. मला कळत होतं ते काय चाललंय, आणि सांगता येत नव्हतं. ती सात माणसं माझ्यापासून लांब जायचं म्हणून माळावरच्या एकुलत्या एक उंच झाडाखाली जाऊन उभी होती. त्यांना ओरडून सांगायचं म्हणजे काय सांगायचं? "मला भिऊ नका, झाडाला भ्या," असं? मग आत्या विचारणार, तुला का भ्यायचं. आणि मग तिसरं लग्न तिथंच ओढ्यात.

लखलखलं. एक, दोन, तीन, चार.

मी दार उघडलं आणि उतरले.

"कुठं निघालीस?" आत्या ओरडली.

"आलेच. त्यांना घेऊन येते."

मी चिंचेच्या दिशेनं चार पावलं टाकली. झाडाखाली चुळबुळ झाली. आणखी चार टाकली. बायका बुंध्याच्या पलीकडे गेल्या. मी बुंध्याला वळसा घातला, तशा त्या अलीकडे आल्या. रंजी रडकुंडीला येऊन म्हणाली, "शालनताई, तू हितं नगं ना येऊ!" मी म्हणाले, "मी तर इथंच थांबणार. मला झाडाखाली बरं वाटतंय." आणि बुंध्याला टेकायला निघाले.

अशी माणसं पळालेली मी जन्मात बघितली नाहीत. एका पायात वहाण असलेला मामा सगळ्यांत पुढे. मामीनं साडी गुडघ्यापर्यंत धरलेली. मी मागून दोन्ही हात पसरून, कोंबड्या खुराड्यात घालतात तशी त्यांना एकीला इकडून, एकीला तिकडून गाडीकडे वळवत होते. सगळी आत गेली. दारं धडाधड लागली. काचा वर झाल्या.

आणि मी बाहेर राहिले.

हे माझ्या हिशोबात नव्हतं. गारा सुरू झाल्या होत्या. काचेच्या आत सात तोंडं दिसत होती, ओली, घाबरलेली, माझ्याच माणसांची. मामा माझ्याकडे बघत होता आणि त्याचा हात दाराच्या मुठीवर होता. पण मूठ हलत नव्हती. मामाचा मला राग आला नाही. त्यानंच मला लहानपणी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली होती. फक्त आभाळ स्वच्छ होतं तेव्हा. मी तिथंच पाय जुळवून खाली उकिडवी बसले, डोकं गुडघ्यांत घालून. उघड्यावर अडकलं की एवढंच करायचं असतं. गारा पाठीवर बसत होत्या.

मधलं दार उघडलं. मामानं नाही उघडलं. हौसाआत्या, जिला दोन महिने धड वाकता आलं नव्हतं, ती मामीच्या अंगावरून आडवी वाकून दार लोटत होती आणि प्रत्येक श्वासाला "आगं आई गं" म्हणत होती.

"ऊठ!" ती ओरडली. "भिजून मरायचंय का लग्नाच्या दिशी? ये आत. बस हितं, माज्या मांडीवर!"

मी बसले. सव्वीस वर्षांची घोडी, ओलीचिंब, होणाऱ्या आत्तेसासूच्या मांडीवर. तिनं आपला कोरडा पदर काढून माझं डोकं पुसलं. मुंडावळ्या नीट केल्या.

"कुणी लोखंडाला शिवू नका," मी कशीबशी म्हणाले. "हात मांडीवर घ्या. मधे सरका."

मधे म्हणजे माझ्याकडे. कुणी हललं नाही.

त्या चिंचेवर वीज पडली, असं सांगता आलं असतं तर ही गोष्ट जास्त रंगली असती. पण पडली नाही. ती चिंच अजून तिथं आहे आणि दर वर्षी भरपूर चिंचा देते. वीज पडली ओढ्याच्या पलीकडे, लाईटच्या खांबावर. मोजायला वेळच मिळाला नाही. सगळं पांढरं झालं आणि त्याच क्षणी असा आवाज झाला की दस्तगीरनं स्टिअरिंग सोडून डोकं धरलं. खांबावरून ठिणग्या पाण्यात पडत होत्या.

माझे डोळे उघडले तेव्हा मला श्वास घेता येत नव्हता. रंजीनं मागून माझ्या गळ्यात हात टाकले होते. मामीनं माझा दंड धरला होता. पुढच्या बाकावरून मामा उलटा होऊन माझ्या गुडघ्याला लोंबत होता आणि भावकीतल्या चारही बायका माझ्या पाठीवर येऊन पडल्या होत्या. घाबरल्यावर माणूस हाताला लागेल ते धरतं, आणि मधोमध मीच होते. त्या सगळ्यांच्या खाली हौसाआत्या होती.

"माजी कंबर," आत्या खालून म्हणाली. "उठा गं भवान्यांनो."

मग सगळ्यांच्या ध्यानात आलं आपण कुणाला धरलंय. पण आता सरकायचं कुठं? बाहेर गारा. दोघी-तिघींनी हात काढले. रंजीनं नाही काढला.

पाचला कधीतरी गडगडाट लांब गेला. बारा, वीस, मग आकडा लागेना. पाऊस थांबला, ऊन पडलं, माळ गारांनी पांढरा. मामाला लगेच मुहूर्त आठवला. मी म्हणाले, अर्धा तास कुणी उतरायचं नाही. दस्तगीरनं आपलं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, "तुम्हीच बघा वैनी." साडेपाचला आम्ही उतरलो.

ओढा अजून लाल आणि फुगलेला. "उतरतंय की," मामा म्हणाला. "कमरेएवढं बी न्हाई. दस्तगीर, जरा दमानं..."

"मामा, पाण्याखाली फरशी आहे का गेली, ते कुठं दिसतंय?"

मामानं पाण्याकडे बघितलं, मग आपल्या उघड्या पायाकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरला.

पलीकडच्या काठावर ट्रॅक्टर आला. त्यावर आमच्याकडचे बापू, त्यांच्याकडचे चार जण, भटजी, आणि मधे उभा राहून ट्रॉलीचा दांडा धरलेला नवरदेव. त्याच्या बाशिंगाचा रंग भिजून कपाळावर उतरला होता. सगळे एकदम ओरडत होते. पाण्याच्या आवाजात इकडे एवढंच पोहोचलं, "कुणी... पाण्यात... उतरू नका! लगीन... उद्या! आठ चाळीस!" भटजी हातांनी आठ बोटं दाखवत होते.

मग सगळे थांबल्यावर नवरदेवानं तोंडाला दोन्ही हात लावले. आता हा काय विचारतो, म्हणून मी कानावरचा पदर मागे सारला.

"ज्येवलीस का?" तो ओरडला.

मी मान हलवली, नाही. त्यानं ट्रॉलीत वाकून एक डबा काढला, आम्हाला दाखवला, पाण्याकडे बघितलं आणि तो परत ठेवला. रंजी फिदीफिदी हसली. मीही हसले आणि पुढच्याच क्षणी रडायला आलं. कारण लग्न उद्यावर गेलं होतं, म्हणजे तो शब्द आणखी एक रात्र सगळ्यांनी तोंडात धरून ठेवायचा होता, आणि आज दिवसभरात काय काय झालं ते हौसाआत्यानं बघितलं होतं.

"आगं आई गं," मागून आवाज आला.

आत्या गाडीतून उतरायचा प्रयत्न करत होती. एक पाय खाली, एक वर, हात दाराला, आणि मधेच अडकलेली. आम्ही धावलो. दोघींनी धरून तिला खाली घेतलं. ती कोयत्यासारखी वाकडी उभी राहिली.

मामी चिंचेकडे बघायला लागली. मामा ओढ्याकडे. चार बायका चार दिशांना. आत्या एकेकाकडे बघत गेली. घाई न करता, सगळ्यांकडे.

"काय वो मामी," ती म्हणाली. "तुमच्याकडं सगळी डोक्यानंच जल्मल्यात न्हवं?"

मामीनं तोंडाला पदर लावला.

"म्या गाडीत इचारलं, तवा सात मानसं बाभळी बघत हुती. बाभळीत काय बघायचं असतंय? म्या म्हटलं, सांगतील आता, सांगतील मग. तर गारठ्यात उकडाया लागलं तुमास्नी!"

"आत्या," मी म्हणाले. "आत्या, मी..."

"तू गप गं. तुमच्या गावात बांगड्या भराया येती ना कासारीण, ती आमच्या बी गावात येती. सोयरीक व्हायच्या आदीपास्नं ठावं हाय आमाला. त्या पल्याड हुबा हाय त्यालाबी ठावं हाय. दोन म्हैनं कंबर धरून बसले. घरात सगळी नगं म्हनत हुती, तरी सोळा मैल खड्डं खात आले. ती काय तुजी साडी बघाया?"

तिनं आमच्याकडे पाठ केली, गाडीचं दार दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि वाकली. पलीकडच्या काठावर सगळे उभे राहून बघत होते. मी माझ्या हळदीच्या, चिखलानं माखलेल्या पायाकडे बघितलं.

"पायाळू हायेस न्हवं?" हौसाआत्या म्हणाली. "मग घाल लाथ. आन हळू नगं गं पोरी, चांगली जोरात घाल."